फोल्डरची भिंत ब्राउझरला दिसत नाही

संकेतस्थळाच्या मूळ मजकुराशेजारी वाचकांना खाती उघडून लिहू देणारं एखादं सॉफ्टवेअर बसवायचं असेल, तर ते सबडोमेनवर न ठेवता उपफोल्डरात टाकावं, हा सल्ला आता जवळजवळ शिरस्ता झाला आहे. पूर्वपक्ष म्हणतो : एकाच पत्त्याखाली राहिलं की शोधयंत्रातली पत विभागली जात नाही, सबडोमेनच्या वेगळ्या प्रमाणपत्राचा खर्च वाचतो, आणि फोल्डर निराळा असल्यामुळे दोन्ही व्यवस्था एकमेकींपासून अलग राहतातच.

पहिले दोन मुद्दे चटकन निकालात निघतात. शोधाच्या दृष्टीने दोन्ही रचना चालतात, असं गूगलने जाहीरपणे सांगितलं आहे. तरीही त्यावर वाद घालणारे सल्लागार आहेत. त्यांचं पोटच त्यावर चालतं. प्रमाणपत्रं तर लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं, २०१८पासून वाइल्डकार्डसुद्धा.

घोटाळा तिसऱ्या मुद्द्यात आहे. 'ओरिजिन' ठरवताना ब्राउझर तीनच गोष्टी पाहतो : प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. त्यापुढे कोणता फोल्डर आहे, याला तिथे काडीची किंमत नाही. म्हणून एका फोल्डरातल्या पानात कुणी स्क्रिप्ट घुसवली आणि ते पान लॉगिन असलेल्या संपादकाने उघडलं, तर ती स्क्रिप्ट शेजारच्या फोल्डरातलं व्यवस्थापनाचं पान त्याच्या नावाने मागवते, वाचते, त्यातला फॉर्म भरून पाठवतेही. यावर ठरलेलं उत्तर येतं : कुकीला पाथ लावा, म्हणजे ती एकाच फोल्डरापुरती राहील. पण कुकी चोरण्याची गरजच कुठे आहे? त्या पानाची मागणी गेली की ब्राउझर ती आपणहून जोडतो. पाथवर सुरक्षेसाठी विसंबू नये, हे कुकींच्या मानकातच, म्हणजे २०११च्या आरएफसी ६२६५मध्ये, लिहिलेलं आहे. लोकल स्टोरेजला तर पाथ हा प्रकारच नाही.

ही भीती पुस्तकी नाही. ऑक्टोबर २००५मध्ये सॅमी कामकारने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये एक स्क्रिप्ट दडवली. प्रोफाइल पाहणाऱ्याच्या यादीत सॅमी मित्र म्हणून दाखल व्हायचा आणि स्क्रिप्टची नक्कल पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये उतरायची. दिवसभराच्या आत दहा लाखांहून जास्त खाती त्यात सापडली. यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रोफाइलची पानं 'प्रोफाइल' या सबडोमेनवर उघडायची, मित्र जोडण्याची विनंती मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'कडे जायची. होस्ट बदलला, म्हणून ब्राउझरने स्क्रिप्टला अडवलं. सबडोमेनने आपलं काम चोख केलं होतं! पण तीच पानं मुख्य होस्टवरूनही उघडत होती. स्क्रिप्टने पाहणाऱ्याला आधी तिकडे वळवलं, आणि वाट मोकळी झाली.

सबडोमेन म्हणजे अभेद्य तट, असं माझं म्हणणं नाही. सबडोमेनवरचं पान मूळ डोमेनसाठी कुकी लिहू शकतं. गिटहबने एप्रिल २०१३मध्ये वापरकर्त्यांची पानं गिटहब डॉट कॉमवरून उचलून गिटहब डॉट आयओ या स्वतंत्र डोमेनवर नेली, ती अशाच धोक्यांपायी. ज्याला परवडेल त्याने तेच करावं.

बाकीच्यांनी सबडोमेन घ्यावं, पण होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एक जागा नीट तपासावी. नव्या सबडोमेनचा फोल्डर पुष्कळदा मुख्य डोमेनच्या पब्लिक_एचटीएमएल या फोल्डराच्या पोटातच सुचवला जातो. तो तसाच ठेवला, तर तीच पानं मुख्य डोमेनच्या उपफोल्डरातूनही उघडतात, मायस्पेसच्या प्रोफाइलसारखीच. तो फोल्डर बाहेर काढावा.