न्यूरोपॅथी : पायाची नखे आणि निगा

मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेर हातापायांकडे पसरलेल्या मज्जातंतूंची हानी म्हणजे परिघीय न्यूरोपॅथी. जगभरात तिचे सर्वांत मोठे कारण मधुमेह. त्याखेरीज कुष्ठरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळचे मद्यपान आणि कर्करोगावरची काही औषधे यांनीही ती होते. बहुतेक प्रकारांत सर्वांत लांब तंतू आधी निकामी होतात, म्हणून मुंग्या, जळजळ आणि बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन पोटरीकडे चढतात. नखांवरून या विकाराचे निदान होत नाही. वय झाले की निरोगी माणसाचीही नखे जाड व पिवळट होतात. तरीही बधिर पायावरचे जाड, काळवंडलेले किंवा वाकडे वाढलेले नख म्हणजे नुसते म्हातारपण किंवा बुरशी असे धरून चालणे धोक्याचे आहे. अशा पायावर ते पुष्कळदा दाबाची खूण असते, आणि तो दाब कुठून येतो हे शोधल्याशिवाय नखावरचा उपचार अर्धाच राहतो.

दाबाची सुरुवात स्नायूंत होते. तंतू निकामी झाल्याने पावलातले छोटे स्नायू सुकतात, बोटे आकड्यासारखी वळतात. मग बोटाचे टोक जमिनीवर टेकते आणि वरची बाजू बुटाला घासते. नखाच्या मुळाला रोज असा मार बसला की ते थरावर थर चढवत जाते, कधी मेंढ्याच्या शिंगासारखे वळते. संवेदना शाबूत असती तर माणसाने तासाभरात बूट काढून फेकला असता. बधिर पायाचा माणूस दिवसभर चालत राहतो, नखाखाली रक्त साकळते, आणि जाड नखाच्या दाबाने खालची त्वचा फाटून व्रण झाला तरी नख घासून पातळ करेपर्यंत तो कोणाला दिसत नाही. भरीला घाम आणणारे तंतूही मंदावतात. त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. रक्त सूक्ष्म वाहिन्यांना वळसा घालून परस्पर शिरांत उतरते, त्यामुळे पाय हाताला चांगला उबदार लागतो व सगळे ठीक असल्याचा समज होतो. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते, अंगठ्याचे पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणजे नखाच्या मध्यावर दिसणारा काळा डाग कित्येक महिन्यांपूर्वीच्या माराचा असू शकतो. नखाबरोबर तो पुढे सरकत नसेल किंवा आजूबाजूच्या कातडीवर पसरत असेल, तर मेलानोमा हा कर्करोग नाही ना, हे आधी तपासावे लागते.

यावर पहिला आक्षेप बुरशीचा. मधुमेहींच्या नखांत बुरशी अधिक आढळते हे खरे. पण विद्रूप नखांपैकी तपासणीत बुरशी सापडते ती जवळपास निम्म्यांतच. म्हणून बारा आठवडे टर्बिनाफिन हे बुरशीवरचे औषध घेण्याआधी नखाचा कीस तपासून घेणे शहाणपणाचे. शिवाय बुरशीही मार खाल्लेल्या नखातच सहज शिरते. कर्करोगावरच्या टॅक्सेन गटातल्या औषधांची गोष्ट मात्र निराळी. तिथे नख सुटणे आणि पाय बधिर होणे हे दोन्ही औषधाचेच परिणाम असतात, त्याचा दोष बुटाला देता येत नाही. दुसरा आक्षेप रुग्णांकडून हमखास येतो : माझे पाय तर रात्रभर जळतात, ते बधिर कसे? जळजळ आणि बधिरपणा एकाच पायात सुखाने नांदतात. खात्री करायला दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा पुरतो. डोळे मिटून त्याचा स्पर्श तळव्याला कळला नाही, तर पायाचे वेदनारूपी संरक्षण गेले आहे.

वेदनेच्या अभावानेच पाय झिजतात, याचा भक्कम पुरावा भारतातला आहे. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात अशी समजूत होती. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बहुतेक हानी न कळलेल्या चटक्यांनी, जखमांवरून चालत राहिल्याने आणि रात्री उंदरांनी कुरतडल्यानेही होते. पायावरचा भार विभागणारे प्लास्टर घातले की जुने व्रण भरत. पुढे अमेरिकेत कारव्हिल इथे हेच ज्ञान मधुमेही पायांना लागू पडले.

निगा त्यातूनच ठरते. नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावीत, कोपरे कोरू नयेत, टोके कानशीने घासावीत. ब्लेड अजिबात नको. नजर अधू असेल तर घरातल्याने कापावीत, फार जाड नख पायांच्या तज्ज्ञाकडून पातळ करून घ्यावे. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्यांतले सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खाते, तिला ते कळतही नाही. पाणी कोपराने अजमावावे, मलम बोटांच्या बेचक्यांत लावू नये. सुजलेल्या बोटात रुतलेली जोडवी काढून ठेवावीत, यात सौभाग्याला बाध येत नाही. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटली तरी समजत नाही, म्हणून मागे पट्टा हवा. बूट झटकून आत हात फिरवूनच घालावा. देवळाच्या दुपारच्या तापल्या फरशीवर अनवाणी चालणे हे आपल्याकडे तळवे पोळण्याचे नेहमीचे कारण. दर्शन सकाळी घ्यावे.

रोज पाय पाहण्याचा सल्ला फुकाचा आहे, असेही म्हटले जाते. नुसत्या रुग्णशिक्षणाने व्रण टळतात याचा पुरावा खरोखरच तोकडा आहे. पण अतिजोखमीच्या रुग्णांनी दोन्ही तळव्यांचे तापमान रोज मोजून, एकाच जागी २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक दिसताच चालणे कमी केले, तेव्हा चाचण्यांत व्रण घटले. म्हणजे पाहण्यामागे ठरलेली कृती हवी. पू, दुर्गंधी किंवा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकच पाऊल अचानक गरम होऊन सुजले आणि फारसे दुखत नसले, तर मुरगळले समजून शेकू नये. आत हाडे मोडत असण्याची शक्यता असते, आणि तपासणी होईपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही.