मीनारंगी चिनी फुलदाण्या : घडण आणि पारख

बंगळुरू : केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या जुन्या बंगळुरूतील चिकपेट हा भाग रेशमी वस्त्रांसाठी ख्यात आहे. येथील गल्ल्यांत जुन्या वस्तूंचीही विक्री होते. अशा ठिकाणी रंगीत चिनी फुलदाणी आढळल्यास ती पुरातन आहे की नक्कल, हे ठरविण्यासाठी तिची घडण समजून घ्यावी लागते.

या कलेचे प्रमुख केंद्र चीनमधील जिंगडेझेन. केओलिन ही पांढरी माती आणि दळलेला विशिष्ट दगड यांच्या मिश्रणातून भांडे घडवितात व झिलई देऊन सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजतात. मीना म्हणजे धातूंच्या संयुगांनी रंगविलेली काचेची पूड. बहुतेक मीनारंग एवढी उष्णता सोसत नाहीत. म्हणून झिलईवर चित्र रंगवून भांडे ७०० ते ८०० अंशांवर पुन्हा भाजतात.

कांगशी सम्राटाच्या काळात (१६६१-१७२२) हिरव्या छटांचे प्राबल्य होते. त्यानंतर सोन्यापासून बनणारा गुलाबी व अपारदर्शक पांढरा रंग रूढ झाला आणि पाकळ्यांतील छायाभेद दाखविणे शक्य झाले. योंगझेंग व चियानलोंग सम्राटांच्या काळात ही कला बहरली. खास राजवाड्यासाठीची काही कोरी भांडी बीजिंगला नेऊन तेथे रंगविली जात.

कँटनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांमुळे चिनी भांडी पश्चिम भारतातील घरांत पोहोचली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी कलावस्तू पाहता येतात.

तळावरील सम्राटाच्या नावाची मुद्रा हा कालखंडाचा पुरावा नव्हे. पूर्वकालीन मुद्रा उमटविण्याची प्रथा चीनमध्येही होती. हाताने रंगविलेला मीना बोटाला किंचित उठावदार लागतो, मात्र नव्या हस्तकामातही तो उठाव असतो. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसल्यास चित्र छापील समजावे. खरी झीज काठ, खांदा व तळाचे कडे येथे असमान असते. सर्वत्र सारखे ओरखडे संशयास्पद ठरतात. सोनेरी नक्षी घासून पुसू नये.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ लागू होतो. त्यांच्या व्यापारासाठी परवाना आवश्यक असून खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. त्यामुळे मोठी रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याचा परवाना पाहावा, वस्तूचा काळ नमूद केलेली पावती घ्यावी आणि स्वतंत्र जाणकाराचे मत मागावे.