मंडळाचा प्रोजेक्टर : मांडणी, वापर आणि निगा

गणेशोत्सवातील मुलांचे कार्यक्रम, कोजागिरी, दिवाळी पहाट, व्याख्यानमाला, एखाद्या ज्येष्ठ सभासदाची श्रद्धांजली सभा, अशा बहुतेक प्रसंगी आता सभागृहात पडदा लागतो. पडद्यावरची हलती चित्रे बडोदेकर मराठी माणसाला नवी नाहीत. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले होते. तरीही प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळी प्रोजेक्टर लावायचा म्हटले की एकदोघांचीच नावे पुढे येतात. ते गावाला गेले असतील तर अर्धा तास खटपटीत जातो आणि लांबून रिक्षाने आलेली ज्येष्ठ मंडळी कंटाळून निघून जातात. हे काम कोणत्याही सभासदाला करता यावे, यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

प्रोजेक्टर आत कसा असतो

आपल्यासारख्या सभागृहांत मुख्यतः दोन प्रकारचे प्रोजेक्टर असतात. एलसीडी प्रकारात दिव्याचा उजेड लाल, हिरवा आणि निळा असा तीन भागांत विभागतो. प्रत्येक भाग वेगळ्या पारदर्शक पट्टीतून जातो आणि पुढे तिन्ही एकत्र होऊन भिंगातून बाहेर पडतात. डीएलपी प्रकारात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा हलून उजेड पडद्याकडे पाठवतात किंवा बाजूला वळवतात. ही चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तयार केली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा फरक प्रकाशाच्या उगमाचा आहे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा साधारण ३,००० ते ५,००० तास चालतो, तर लेझर प्रोजेक्टर साधारण २०,००० तास चालतात. दिव्याचा प्रोजेक्टर सुरू होताना आणि बंद होताना थोडा वेळ मागतो. तो वेळ त्याला द्यावाच लागतो.

पडदा केवढा आणि प्रोजेक्टर किती लांब

आधी शेवटच्या रांगेतील माणसाचा विचार करावा. त्याच्यापासून पडद्याचे जे अंतर असेल, त्याच्या निदान एक षष्ठांश इतकी चित्राची उंची हवी. शेवटची रांग ३० फुटांवर असेल तर चित्र ५ फूट उंच आणि १६:१० या प्रमाणात ८ फूट रुंद घ्यावे.

प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणले की प्रोजेक्टर किती अंतरावर ठेवायचा ते कळते. आकडा १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी १२ फूट अंतर लागते. म्हणजे प्रोजेक्टर खुर्च्यांच्या मधोमध येणार. खुर्च्या मांडण्यापूर्वीच त्याची जागा ठरवावी. खुर्च्या लावून झाल्या की मग कोणी उठायला तयार नसते.

चित्र मोठे केले की उजेड पातळ होतो. रुंदी दुप्पट केली तर उजेड चौपट जागेवर पसरतो आणि प्रत्येक भागाला एक चतुर्थांशच मिळतो. ३,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर ८ फूट रुंद चित्रासाठी दिवे मंद केलेल्या सभागृहात चांगला चालतो. भर दुपारी पडदे न लावता त्याच चित्राचे रंग पार उडून जातात. म्हणून दुपारचा कार्यक्रम असल्यास आधी खिडक्यांची सोय पाहावी. पडद्यावर थेट पडणारे ट्यूबलाइट तेवढे बंद करून मागचे चालू ठेवले, तर ज्येष्ठांना येण्याजाण्यास अडचण होत नाही.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान ४ फुटांवर असावी. हल्ली आपल्या घरांत गुजराती सुना आणि जावई आहेत आणि चित्रपट पाहताना त्यांना खालच्या ओळींतील भाषांतर वाचायचे असते. पडदा खाली असला की त्या ओळी नेमक्या पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात.

जोडणीचा क्रम

१. प्रोजेक्टर सपाट, न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवावा. हवा आत-बाहेर जाण्याच्या जाळ्यांसमोर एक फूट तरी जागा मोकळी असावी. खाली सतरंजी किंवा गादी नसावी.

२. एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडावा. साध्या एचडीएमआय केबलला १० मीटरपुढे भरवसा राहत नाही. त्याहून लांब जायचे असल्यास नेटवर्क केबलवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा. जुन्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही.

३. भिंगाचे झाकण काढून प्रोजेक्टर सुरू करावा. पूर्ण उजेड यायला एक मिनिट लागतो. तेवढ्यात बटण पुन्हा दाबू नये.

४. रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने योग्य जोडणी निवडावी.

५. विंडोज लॅपटॉपवर विंडोज कळ आणि ‘पी’ एकत्र दाबावे. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे सारखेच चित्र दिसते. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास पडद्यावर फक्त कार्यक्रम दिसतो आणि निवेदकाच्या टिपा लॅपटॉपवर राहतात.

६. आधी प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर समोर, मध्यरेषेवर आणि आडवा-उभा सरळ ठेवावा. मग झूम, मग फोकस. चित्र वर-खाली निमुळते दिसत असेल तर सर्वांत शेवटी ‘कीस्टोन’ वापरावे. कीस्टोन चित्र आतून दाबून चौकोनी करतो, त्यात बारीक अक्षरांचा तपशील जातो. टेबलाची उंची बदलून काम होत असेल तर तेच बरे.

सैल केबल जमिनीला चिकटपट्टीने बसवाव्यात. अंधारात केबलमध्ये पाय अडकून कोणी पडू नये, ही यातली सर्वांत मोठी काळजी आहे.

आवाज

प्रोजेक्टरचा आतला स्पीकर बैठकीच्या खोलीपुरता असतो. सभागृहासाठी लॅपटॉपच्या हेडफोन जागेतून मिक्सरला वायर द्यावी. एचडीएमआय जोडताच लॅपटॉप बहुधा आवाज आपोआप प्रोजेक्टरकडे वळवतो. मग चित्र आहे आणि आवाज नाही, अशी धावपळ होते. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा लॅपटॉपचा स्पीकर निवडला की काम होते. स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. आवाज थांबला तर चार्जर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत.

वीज

या क्षमतेचा दिव्याचा प्रोजेक्टर साधारण २५० ते ३५० वॉट वीज घेतो. त्याच एक्स्टेंशनवर चहाची इलेक्ट्रिक किटली लावू नये. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर असावेत. अचानक वीज गेली तर पंखाही थांबतो आणि तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटते. वीज परत येताच दिवा लगेच पेटत नाही, तो निवण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळासाठी निवेदकाकडे दोन शब्द तयार असावेत.

मराठी अक्षरे आणि फाइली

आपल्याकडे वारंवार येणारी अडचण म्हणजे घरच्या संगणकावर सुरेख दिसणारे मराठी सभागृहात चौकोन किंवा भलतीच चिन्हे होऊन दिसते. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि फाइलची एक पीडीएफ प्रतही सोबत आणावी. पीडीएफमध्ये अक्षरे फाइलीबरोबरच येतात. अक्षरांचा आकार २८ पॉइंटपेक्षा लहान नसावा, कारण देवनागरीतील मात्रा आणि जोडाक्षरे लांबून लवकर पुसट होतात.

चित्रफीत पेनड्राइव्हवरून थेट प्रोजेक्टरला लावण्यापेक्षा लॅपटॉपवर उतरवून घ्यावी. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि प्रोजेक्टर सर्व प्रकारच्या फाइली वाचत नाहीत.

चित्रपट दाखवताना

घरचे ओटीटी खाते घरापुरते असते. काही वेळा अशा चित्रपटांचे चित्र पडद्यावर काळे दिसते. तो बिघाड नसून नक्कल-रोधक कुलूप असते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मूळ कथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात. म्हणून हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तिची प्रत कार्यालयात ठेवावी.

बंद करणे आणि निगा

कार्यक्रम संपताच प्लग ओढू नये. बंद करण्याचे बटण दोनदा दाबावे, पंखा पूर्ण थांबेपर्यंत थांबावे आणि मगच वायर काढावी. तापलेला प्रोजेक्टर हलवू नये. हवेची जाळी आपल्या धुळीच्या हवेत महिन्यातून एकदा साफ करावी. भिंग फक्त मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. दिव्याचे झालेले तास मेनूमध्ये दिसतात, ते प्रत्येक कार्यक्रमानंतर नोंदवहीत लिहावेत, म्हणजे नव्या दिव्याचा खर्च अंदाजपत्रकात वेळेवर धरता येतो. दिव्यात पारा असतो. तो फुटल्यास खिडक्या उघडून सर्वांना बाहेर न्यावे आणि काचा हाताने उचलू नयेत. मुलांना भिंगात डोकावू देऊ नये. लेझर प्रोजेक्टर असेल तर याबाबत अधिकच दक्ष राहावे.

जुनी छायाचित्रे

या सगळ्या खटाटोपाचा आम्हाला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग शेवटी सांगतो. सभासदांच्या घरी जुन्या उत्सवांची, नाटकांची, मंगळागौरींची छायाचित्रे आहेत. त्यातील बहुतेकांच्या मागे नावे लिहिलेली नाहीत. ती माणसे ओळखणारे आता थोडेच उरले आहेत. हातातल्या चार इंची फोटोत ऐंशी वर्षांच्या आजींना जो चेहरा दिसत नाही, तो पाच फुटी पडद्यावर त्या पटकन ओळखतात.

यासाठी छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावा. एका बैठकीत तीस-चाळीसच दाखवावीत, घाई करू नये. एकाने चित्र पुढे न्यावे, दुसऱ्याने क्रमांकासमोर नावे लिहावीत आणि तिसऱ्याने मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे. दोन ज्येष्ठांचे मत वेगळे पडले तर दोन्ही नावे लिहून ठेवावीत. अशा बैठकीत जी नावे मिळतात ती नंतर कोणत्याही यंत्रातून मिळणार नाहीत.

प्रत्येक कार्यक्रमासाठी दोन सभासद नेमावेत, एक जाणकार आणि एक शिकणारा. दोघांनी तासभर आधी येऊन चित्र, आवाज आणि फाइली तपासाव्यात. पुढच्या वेळी शिकणाऱ्याने जाणकार व्हावे. या लेखाची छापील प्रत प्रोजेक्टरच्या पेटीत ठेवली आहे. ती तिथेच राहू द्यावी.