दाराशी ठेवलेला धोंडा

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर, विषुववृत्ताच्या किंचित खाली, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका आहे. त्याचे नाव नाउरू. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. नदी नाही, नैसर्गिक बंदर नाही. सर्वांत जवळचे बानाबा बेटही सुमारे ३०० किलोमीटर दूर. किनाऱ्यालगत हिरवी चिंचोळी पट्टी, तीत नारळाची व केवड्याच्या जातीची झाडे, आणि मध्यभागी प्रवाळखडकाचे पठार. एवढाच या देशाचा भूगोल! परंतु मोठमोठ्या साम्राज्यांच्या बखरी वाचून जे उमगत नाही, ते मला या ठिपक्याच्या इतिहासात स्वच्छ दिसते. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

१७९८ साली कॅप्टन जॉन फर्न याने हे बेट पाहिले आणि त्याला ‘रम्य बेट’ असे नाव दिले. येथे बारा कुळांचे लोक नांदत. बुआडाच्या तळ्यात मासे पाळीत. १८८८ साली जर्मनीने बेट ताब्यात घेतले. व्यापाऱ्यांना तोवर तेथल्या खोबऱ्याचेच काय ते मोल!

पुढे सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला नाउरूचा एक धोंडा ठेवलेला असे. अश्मीभूत लाकूड म्हणून कोणी त्याकडे लक्ष देईना. १८९९ साली आल्बर्ट एलिस याने तो तपासला, तो काय! उत्तम प्रतीचे फॉस्फेट! १९०७ पासून बेटाची भूमी जहाजांत भरून परदेशी जाऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी हा धंदा आपल्या हाती घेतला. त्यांच्या शेतांना स्वस्त खत मिळाले. जमिनीच्या मालकांना मात्र आरंभी टनामागे अर्धा पेनी!

याच सुमारास साथीच्या रोगांनी लोक इतके घटले की, १५०० माणसे असल्याखेरीज ही जात टिकणार नाही, असे मानले गेले. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी ती संख्या भरली. तेव्हापासून हा दिवस ‘अंगाम’ म्हणून साजरा होतो. या शब्दात घरी परतण्याचा अर्थ आहे. पुढे १९४२ मध्ये जपानी आले. त्यांनी सुमारे १२०० नाउरूवासी दूरच्या ट्रुक बेटांवर नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले ते ७३७.

१९६४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने सुचविले की, सर्वांनी क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर जाऊन राहावे. आपले राष्ट्रपण बुडेल म्हणून लोकांनी ते नाकारले. ट्रुकहून परतल्याची तीच तारीख साधून १९६८ साली देश स्वतंत्र झाला. हॅमर डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मग पैशाचा पूर आला! मेलबर्नमध्ये या देशाने ५२ मजली इमारत उभारली. पुढे फॉस्फेट सरत आले, गुंतवणुकी बुडाल्या आणि २००४ मध्ये ती इमारतही विकावी लागली. पठारावर उरले ते प्रवाळाचे उघडे सुळके. आता परक्या नौकांना दिलेले मासेमारीचे परवाने आणि ऑस्ट्रेलियाने तेथे धाडलेल्या आश्रितांच्या व्यवस्थेचा पैसा यांवर संसाराचा बराच भार आहे.

खाणीची मोजदाद टनांत होई. नाउरूच्या लोकांनी आपली मोजदाद माणसांत केली. पठार गेले, पैसाही गेला. पण कर्टिसला न गेलेली माणसे आजही तेथे आहेत. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच त्यांचा अंगाम येतो. त्या दिवशी ते आपली माणसे मोजल्याचा सण करतात. आणि मला वाटते, याहून मोठी लक्ष्मी कोणत्याही घराला लाभत नाही.