बारा हजारांचा प्रांत

दूरच्या, विरळ वस्तीच्या मुलखाला पूर्ण प्रांताचा दर्जा द्यावा का, हा प्रश्न निघाला की पहिला आक्षेप येतो लोकसंख्येचा. कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत या तीन प्रदेशांबाबत तो हमखास घेतला जातो. तिघांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 39 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशापेक्षा मोठे. आणि 2021 च्या जनगणनेत माणसे 1 लाख 18 हजार. आपल्याकडचे कित्येक तालुके याहून मोठे आहेत. एवढ्या माणसांसाठी प्रांत कशाला?

हा आक्षेप कॅनडाच्याच इतिहासात टिकत नाही. 1870 मध्ये मॅनिटोबा हा प्रांत झाला तेव्हा तेथे जेमतेम 12 हजार माणसे होती. त्यांत बहुसंख्य मेटी, म्हणजे युरोपीय आणि आदिवासी अशा मिश्र वंशाचे लोक. हडसन्स बे कंपनीचा अफाट मुलूख ओटावाच्या सरकारने तीन लाख पौंडांना घेतला, तो तेथील रहिवाशांना न विचारता. लुई रिएलच्या नेतृत्वाखाली त्यांनी हंगामी सरकार उभारले, वाटाघाटी केल्या आणि प्रांत पदरात पाडून घेतला. डोकी मोजून तो मिळाला नव्हता.

पण मिळाले काय? त्याच कायद्याने जमीन केंद्राकडे ठेवली. मेटींच्या मुलांसाठी 14 लाख एकर राखून ठेवण्याचे वचन होते. त्या वाटपात इतकी दिरंगाई झाली की 2013 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाला सरकारवर ठपका ठेवावा लागला. 1905 मध्ये प्रांत झालेल्या अल्बर्टा आणि सस्कॅचेवानची तीच गत. विधानसभा आली, मंत्रिमंडळ आले. जमीन आणि खनिजे मात्र 1930 पर्यंत ओटावाच्याच मुठीत राहिली. घर नावावर, पण किल्ल्या दुसऱ्याकडे!

युकॉनची कथा याच्या उलट टोकाची. सोन्याच्या लाटेत 1898 मध्ये हा प्रदेश वेगळा काढला गेला. 1901 मध्ये 27 हजारांवर असलेली वस्ती 1921 मध्ये चार हजारांवर घसरली, आणि दरम्यान ओटावाने दहा लोकनियुक्त सदस्यांची परिषद तिघांवर आणून ठेवली. 1979 मध्ये मंत्री जेक एप यांनी तेथील आयुक्तांना पत्र पाठवले आणि खरी सत्ता निवडून आलेल्यांच्या हाती आली. एका पत्राने! प्रांत आणि प्रदेश यांतला फरक मला या दोन घटनांत सर्वांत स्पष्ट दिसतो. प्रांताचे अधिकार राज्यघटनेत असतात. प्रदेशाचे अधिकार संसदेच्या कायद्यावर, कधी तर मंत्र्याच्या मर्जीवर.

मग दर्जा मागायचा कोणाकडे? 1982 पर्यंत संसद नवा प्रांत निर्माण करू शकत होती. नव्या घटनादुरुस्ती पद्धतीने त्यासाठी किमान सात प्रांतांची संमती आणि त्यांत देशाची निम्मी लोकसंख्या अशी अट आली. 30 एप्रिल 1987 ला पंतप्रधान आणि दहाही प्रांतांचे प्रमुख मीच लेक येथे जमले आणि सर्व प्रांतांची एकमुखी संमती हवी, असे ठरवून मोकळे झाले. युकॉनचे सरकारप्रमुख टोनी पेनिकेट या बैठकीत नव्हते. ते न्यायालयात गेले, तेथेही हरले. बरोबर एक महिन्याने, 30 मे 1987 ला, गोवा राज्य झाले. अरुणाचल आणि मिझोराम त्याच फेब्रुवारीत झाले होते. त्यासाठी महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची संमती कोणी मागितली नाही, कारण आपल्या घटनेत ती लागतच नाही. लागली असती तर विलीनीकरणाच्या वादाची धग अनुभवलेल्या गोव्याचे काय झाले असते, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

मीच लेकचा करार जून 1990 मध्ये बारगळला, आणि तो अडवणाऱ्यांत अग्रणी होते एलायजा हार्पर, क्री आदिवासी आमदार. कुठल्या विधानसभेत? मॅनिटोबाच्या, त्या बारा हजारांच्या प्रांताच्या. मात्र 1982 ची अट कायम आहे.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. युकॉनमधल्या आदिवासींनाच प्रांताची घाई नको होती. 1973 मध्ये त्यांनी ओटावापुढे जमिनीचा दावा मांडला आणि तो सुटण्याआधी दर्जावाढीला विरोध केला. मला ही त्यांची दूरदृष्टी वाटते. 1993 पासून झालेल्या करारांना घटनेचे संरक्षण आहे. नुनावुतमध्ये इनुइट लोकांनी त्याच वर्षी साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळवली आणि 1999 मध्ये वेगळा प्रदेश. त्यामुळे आज स्थिती अशी विचित्र आहे, की आदिवासींचे जमीन-करार घटनेने सुरक्षित, आणि त्यांच्या शेजारची विधानसभा साध्या कायद्यावर उभी. शिवाय केंद्राचे विशेष अनुदान प्रांतांच्या तुलनेत दरडोई कितीतरी मोठे. प्रांत झाल्यावर ते टिकेल याची हमी नाही. जमीन व खनिजांचा कारभार युकॉनला 2003 मध्ये, नॉर्थवेस्टला 2014 मध्ये मिळाला. नुनावुतचा करार 2024 मध्ये झाला.

म्हणून प्रांत हवाच, असे मी म्हणणार नाही. पण आहे तो दर्जा स्थानिक विधानसभेच्या संमतीविना कोणालाही खाली आणता येऊ नये, एवढे तरी हवे. आपला सोपा दरवाजा बाहेरच्या बाजूलाही सोपाच उघडतो. 2019 मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा विसर्जित असताना संसदेने त्या राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले. 2011 च्या जनगणनेनुसार पावणेतीन लाखांच्या लडाखला तर विधानसभाही मिळाली नाही. तिथले लोक आज राज्याचा दर्जा आणि जमिनीच्या रक्षणासाठी सहावी अनुसूची, या दोन्ही मागण्या एका दमात करतात. यातली कोणती आधी, हा प्रश्न युकॉनमध्ये पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला होता.