पैनगंगा कोणाची? हक्काविना राखण म्हणजे वेठबिगारी

पावसाळ्यात सहस्रकुंड धबधब्यावर गर्दी लोटते. एका काठाला उमरखेड तालुका, दुसऱ्या काठाला किनवट तालुका आणि मधून काळ्या खडकावरून कोसळणारी पैनगंगा. लोक येतात, भिजतात, फोटो काढतात, प्लास्टिक टाकून निघून जातात. मग ‘नदी वाचवा’ची हाक दिली जाते आणि झाडू हातात घ्यायला आमची पोरं सर्वांत पुढे असतात. मित्रांनो, झाडू जरूर घ्या. पण त्याआधी हे विचारा की या नदीवर आपला हक्क कधी मान्य झाला आणि तिचे निर्णय आज कोण घेतो?

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून पैनगंगा यवतमाळच्या दक्षिण सीमेने वाहते आणि पुढे वर्धेला मिळते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे अलीकडच्या काठावर इंग्रजांचा कारभार होता, पलीकडे निजामाचा. राज्ये दोन होती, अस्पृश्यता मात्र दोन्ही काठांना एकच होती. जातीने पाणवठेही वाटून टाकले होते. गावाची राखण महाराने करायची, पण गावाच्या पाण्याला त्याने शिवायचे नाही. कर्तव्य आमचे आणि मालकी त्यांची, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार महाडला मोडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी पाण्यापर्यंत जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ते माणसाच्या ओंजळीने बाटले! न्यायालयीन लढाई १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात संपली आणि निकाल आपल्या बाजूने लागला. कागदावरचा ठराव आणि हातातली ओंजळ यांत किती अंतर असते, हे महाडने शिकवले.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत ‘स्नानघाट’ हा शब्दही आला. नदीत उतरणे, पोहणे, काठावर बसणे ही त्या शब्दाने मिळवून दिलेली समता आहे. नद्यांच्या रक्षणाचे कर्तव्य सांगणारा अनुच्छेद ५१क १९७६ च्या दुरुस्तीने आला. क्रम लक्षात घ्या. आधी हक्क, नंतर कर्तव्य.

पाण्याच्या भांडणातून कसे बाहेर पडायचे, तेही बाबासाहेबांनी मांडून ठेवले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य आणि कोलियांचा वाद हे आहे. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असे तो सुचवतो. म्हणजे पाण्याचा न्याय तलवारीने करायचा नाही, नदी वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी करायचा.

आता पैनगंगेकडे या. वर इसापूरला मोठे धरण आहे, तरी उन्हाळ्यात खालचे पात्र कोरडे पडते आणि उमरखेडच्या बंदी भागातल्या गावांना पाणी सोडा म्हणून मागणी करावी लागते. वाळूचा उपसा वेगळाच. वाळू ही नदीची साठवण असते. पुराचे पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना, झिऱ्यांना पुरवते. वाळू गेली की आधी विहीर आटते, आणि ज्याच्याकडे शेत नाही, बोअर नाही, त्याच्या घरातली बाई घागर घेऊन सर्वांत लांब चालते. निम्न पैनगंगा प्रकल्पाला बुडीत क्षेत्रातली गावे वर्षानुवर्षे विरोध करत आहेत. त्या गावांना विचारल्याशिवाय केलेल्या विकासाला लोकशाही म्हणता येत नाही.

धबधब्यावर पिशवी फेकणारा दोषी आहेच. पण पिशवीवर बोलायचे आणि वाळूच्या ट्रकवर गप्प बसायचे, हे पर्यावरणप्रेम नाही. यात गरिबाला सफाईचे काम मिळते आणि धनदांडग्याला नदी मिळते.

म्हणून सफाई मोहिमेनंतर ग्रामसभेत जा. वाळूघाटाच्या लिलावाचा विषय आला की ठराव मोठ्याने वाचायला लावा, हरकत असेल तर इतिवृत्तात नोंदवायला लावा. घाटंजी, केळापूर, मारेगाव, राळेगाव तालुक्यांतल्या अनुसूचित गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी तिथे ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. आदिवासी बांधवांसोबत बसून तो अधिकार वापरा.

पैनगंगेत मनसोक्त पोहा, तिच्या काठावर पोराबाळांना न्या. तो आनंद कोणाची मेहरबानी नाही. आणि ज्या नदीवर आपला हक्क आहे, तिची राखण आपण करू, मात्र वेठबिगार म्हणून नाही, बरोबरीचे मालक म्हणून.

जय भीम!