वीस बाळंतपणांची कुळकथा

नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं जुनं केस बुक उघडलं की प्रसूतीच्या पानांवर एक आकडा ठाण मांडून बसलेला दिसतो: वीस. वीस नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हातांनी, ट्यूटरच्या नाहीतर लेबर रूमच्या सिस्टरच्या देखत, आणि प्रत्येक नोंदीखाली सही. जी.एन.एम. या परिचर्या अभ्यासक्रमाच्या कित्येक पिढ्यांनी हे वीस पुरे करण्यासाठी रात्रपाळ्या मागून घेतल्या. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, तेव्हा आकडाही परिषदेनेच ठरवला असेल, असं सहज वाटतं. पण इंग्लंडात १९०२ च्या मिडवाइव्ज ॲक्टखाली जे सेंट्रल मिडवाइव्ज बोर्ड स्थापन झालं, त्याच्या जुन्या नियमांत नेमका हाच आकडा भेटतो. शिकाऊ सुइणीने देखरेखीखाली किमान वीस बाळंतपणं केलेली असावीत, शिवाय वीस बाळंतिणींची दहा दिवस शुश्रूषा केलेली असावी. प्रशिक्षण अवघं तीन महिन्यांचं.

लंडनहून हा आकडा मुंबईला आला तो मेट्रनच्या पेटीतून, असा माझा ठाम तर्क आहे. कामा हॉस्पिटल १८८६ चं. तिथे आणि जे.जे.त परिचारिका घडवणाऱ्या बायका इंग्लंडात शिकलेल्या, त्यांच्या हाती विलायती सर्टिफिकेट. माणूस जशी परीक्षा देऊन आलेला असतो, तशीच परीक्षा तो पुढे घेतो. १९३५ मध्ये मुंबई इलाख्याने परिचारिका, सुइणी आणि आरोग्य अभ्यागतांच्या नोंदणीचा कायदा केला, तोवर वीस अंगवळणी पडलेले असणार.

केस बुकाच्या कुळाला दुसरी दावेदार आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८६० च्या तिच्या शाळेत दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा एका बाजूला; मलमपट्टीपासून रुग्णाच्या निरीक्षणापर्यंत चौदा मुख्य कौशल्यं दुसऱ्या बाजूला. शेरे ‘उत्तम’पासून शून्यापर्यंत. आजची चेकलिस्ट या तक्त्याची नात आहे, हे मला मान्य. पण त्या तक्त्यात काम कसं केलं ते पाहिलं जाई, किती वेळा केलं ते नव्हे. मोजणीचं कूळ वेगळं आहे. लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीने १८७२ पासून सुइणींची परीक्षा घेतली, तिची अट पंचवीस बाळंतपणांची होती. म्हणजे कायदा आला तेव्हा आकडा पाचाने उतरला.

का उतरला? वीस बाळंतपणांनी हात तयार होतो, असं कुणी मोजून पाहिलं म्हणून नव्हे. माझ्या मते हा आकडा कौशल्याचा नाहीच, पुरवठ्याचा आहे. तीन महिन्यांत एका मुलीच्या वाट्याला किती बाळंतिणी येऊ शकतात, त्याचा तो हिशेब. युरोपीय समुदायाच्या १९८० च्या निर्देशाने तर हे उघड लिहून टाकलं. मिडवाइफने चाळीस प्रसूती करायच्या, पण बाळंतिणीच पुरेशा नसतील तर तीस चालतील, मात्र आणखी वीस प्रसूतींत मदत केलेली असावी. कौशल्याचं माप बाळंतिणींच्या टंचाईने कसं बदलेल? या मताची एक कच्ची बाजू आहे. आपल्याकडे मिडवायफरीचं शिक्षण तीन महिन्यांपेक्षा कितीतरी लांबलं, तरी केस बुकात वीसच राहिले. त्यावर माझं उत्तर असं: वेळ वाढला तशा मुलीही वाढल्या, आणि छापील रकाना एकदा आखला की त्याला हात लावायला कुणी धजत नाही.

माझ्या मताचा खरा पुरावा लंडनपेक्षा डहाणूकडे आहे. कैनाडसारख्या वारली गावांत बाळंतपण पाड्यावरच्या सुइणीच्या हातचं असे. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने या दायांना शिकवायचं ठरवलं: हजार वस्तीमागे एक दाई, तीस दिवसांचं प्रशिक्षण, तीनशे रुपये विद्यावेतन. आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात, उरलेले दिवस नर्सबाईंबरोबर गावोगाव. आणि प्रात्यक्षिकाची अट? नर्सबाईंच्या देखत किमान दोन बाळंतपणं.

दोनच का? त्या काळी देशाचा जन्मदर हजारी ३३ च्या आसपास होता. हजार वस्तीच्या गावात वर्षाला ३३ बाळं, महिन्याला पावणेतीन. तीस दिवसांत एका दाईसमोर दोन-तीनच बाळंतपणं येणार! योजनेच्या कागदावर हा हिशेब कुणी मांडला असो वा नसो, दोन हा आकडा त्यात चपखल बसतो. लंडनला जे वीस, तेच पाड्यावर दोन.

इथे मला एक गोष्ट फार लागते. जिने उभ्या पाड्याची बाळंतपणं केली, तिची जमेला धरली जाणारी बाळंतपणं दोनच, कारण सही करणारी बाई तेवढ्याच वेळी हजर होती. इंग्लंडने निदान सुरुवातीला वेगळं केलं होतं. वर्षभर व्यवसाय करणारी आणि चारित्र्याने चांगली अशी जुनी सुईण १९०५ पर्यंत बिनपरीक्षेची रजिस्टरात बसू शकत होती. आपल्या दाईला किट मिळालं, दाखला मिळाला. परिचारिकांच्या रजिस्टरात नाव आलं नाही.

पुरवठ्याच्या अडचणीवर तोड मात्र फार आधी निघाली होती. फ्रान्सच्या मादाम द्यु कुद्रे यांना १७५९ मध्ये पंधराव्या लुईने खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवायला पाठवलं. त्यांनी कापड आणि चामड्याचं कटिप्रदेशाचं यंत्र शिवून घेतलं, त्यात पूर्ण दिवसांच्या बाळाएवढी बाहुली. अक्षरशत्रू बाईसुद्धा त्यावर आडवं बाळ फिरवून दाखवू शके. त्यातलं एक यंत्र आजही रुआँच्या संग्रहालयात आहे. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’, म्हणजे घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचं, दर स्टेशनला ठरावीक काम आणि परीक्षकाच्या हाती चेकलिस्ट, ही मला नाइटिंगेलचा तक्ता आणि कुद्रेची बाहुली यांची सोयरीक वाटते. तिला वीसही लागत नाहीत, दोनही नाहीत.

आता डहाणू-तलासरीतल्या बाळंतिणींची वाट दवाखान्याकडे वळली आहे. लेबर रूममध्ये एका खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर आणि शिकाऊ नर्स दोघेही उभे असतात, आणि विद्यार्थिनीचा पहिला सराव मॅनिकिनवर होतो.